एकतीस मिलिमीटर

तिसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी धाकटी कॉलेजला निघाली ती मोठ्या थाटात. वर्गातल्या बाकीच्यांच्या दप्तरांत कोऱ्या वह्या होत्या, हिच्या दप्तरात भरलेली वही होती. तिच्या दादाचं सर्व्हेचं फील्डबुक. दादा दोन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअर होऊन बाहेर पडला होता, आणि सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. तेच प्रॅक्टिकल, तेच आवार, तेच सर. पहिलं वर्ष रसायन आणि गणिताशी झटापट करण्यात गेलं होतं. आता निदान एका विषयात तरी आयतं ताट वाढून मिळालंय, अशी तिची पक्की समजूत होती.

घरी तिला धाकटी म्हणत. दादाच्या ओळखीच्या मुलांमुळे ते नाव कॉलेजातही येऊन चिकटलं होतं आणि आता ते सुटण्याची चिन्हं नव्हती.

सूचनाफलकासमोर नेहमीची झुंबड होती. वेळापत्रक अर्धं फाटलेलं, वर्गाच्या खोल्या बदललेल्या, आणि कोण कुणाच्या गटात यावरून पहिल्या दिवसापासून रुसवेफुगवे सुरू. साठ मुलांचे पंधरा गट. सातव्या गटात धाकटीच्या नावाबरोबर तीन नावं होती. एक लंबू, ज्याला दारातून आत येताना मान वाकवायची सवय लागली होती. दुसरा वकील. तो शिकत इंजिनीअरिंग होता, पण कुठल्याही गोष्टीवर वाद घातल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. तिसरं नाव कुणाच्याच ओळखीचं नव्हतं.

ते नाव दुसऱ्या तासाला वर्गात आलं. पंचविशीची, सडपातळ, उन्हाने रापलेले हात आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी खूण. साधा सदरा, पायात जाड तळाचे बूट. ती दारात उभी राहिली तशी मागच्या बाकावरची मुलं नव्या मॅडम समजून पटापट उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "मीपण बसायलाच आलेय."

वर्गभर हशा पिकला, आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली. डिप्लोमा करून ती पाच वर्षं रस्त्याच्या कामावर सर्व्हेच्या तुकडीत होती आणि आता थेट दुसऱ्या वर्षाला आली होती. एवढं कळलं ते वकिलाच्या चौकशीमुळे. ती स्वतःहून फारसं बोलत नसे. धाकटीने पहिल्यांदा "ताई, तुम्ही" म्हटलं तर ती म्हणाली, "तू म्हण. एकाच गटात आहोत. तुम्ही म्हटलंस तर सगळी कामं मलाच करावी लागतील."

पहिलं प्रॅक्टिकल त्याच आठवड्यात होतं. सर्व्हे लॅब मामांच्या ताब्यात. मामा म्हणजे लॅबचे अटेंडंट, पण त्यांचा रुबाब असा की प्राचार्यसुद्धा आत येताना चपला नीट पुसून येत. प्रत्येक खोक्याला नंबर, प्रत्येक तिवईला जागा, आणि सही केल्याशिवाय साधा ओळंबाही हलत नसे. मुलं उपकरणं कशी वापरतात हे बघून बघून मामांच्या कपाळावर एक कायमची आठी पडली होती.

ताईने लेव्हलचं खोकं उघडलं, पण यंत्राला हात लावला नाही. आधी ती नुसतीच बघत राहिली.

"काय झालं?" वकिलाने विचारलं. "आवडलं नाही का?"

"कसं ठेवलंय ते बघून घेते. नाहीतर परत ठेवताना झाकण लागत नाही, मग माणूस झाकणावर जोर काढतो."

मामांची आठी किंचित सैल झाली. बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडून सोडून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

काम तसं सोपं होतं. लॅबच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. कॉलेजच्या आवारात तीन ठिकाणी पितळी बटणं जमिनीत बसवलेली होती, आणि त्यांच्या उंच्या त्या फलकावर रंगाने लिहिलेल्या होत्या. फाटकाजवळचं बटण बरोबर शंभर मीटर धरलेलं. वर्कशॉपच्या पायावरचं एकशे एक पूर्णांक दोनशे अठरा. ग्रंथालयाच्या सर्वांत खालच्या पायरीवरचं एकशे तीन पूर्णांक चारशे बासष्ट. लेव्हल म्हणजे तिवईवरची एक दुर्बीण, जी अगदी समपातळीत बघते, ना वर ना खाली. समोर एकजण आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहतो, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, लिहायचा, पुढे जायचं. असं टप्प्याटप्प्याने फाटकापासून ग्रंथालयापर्यंत यायचं आणि शेवटी बेरीज-वजाबाकी करून जी उंची निघेल ती फलकावरच्या उंचीशी ताडून बघायची. फरक नऊ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे.

सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "फील्डबुकात खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक रेघ मारा आणि वर नवा आकडा लिहा. जुना आकडा वाचता आला पाहिजे." मुलांनी माना डोलावल्या होत्या. मुलं सगळ्यालाच माना डोलावतात.

बाकीचे गट फाटकाकडे पळाले. ताईने मात्र मैदानात दोन खुंट्या ठोकल्या, आधी मधोमध आणि मग एका खुंटीला खेटून यंत्र लावलं, आणि चार आकडे वाचले.

"हे प्रॅक्टिकलमध्ये लिहिलेलं नाही," वकील म्हणाला.

"यंत्र खोटं बोलतंय का ते आधी विचारून घेते. नंतर आपलं भांडण नको."

यंत्र खरं निघालं. मग ते चौघं निघाले. लंबू पट्टी धरायला, वकील अंतर मोजायला, धाकटी लिहायला आणि ताई दुर्बिणीला. तिचं काम बघत राहावं असं होतं. तिवईचे पाय ती अंदाजाने मांडायची आणि टाचेने जमिनीत दाबायची, की तो काचेतला बुडबुडा शहाण्या मुलासारखा मधल्या गोलात येऊन बसायचा. शेजारच्या गटातली मुलं त्याच बुडबुड्याच्या मागे दहा-दहा मिनिटं धावत होती. आकडा सांगताना ती एक-एक अंक सुटा करून सांगे आणि धाकटीकडून परत वदवून घेई. "शून्य, आठ, सात, चार." "शून्य, आठ, सात, चार." घाई नाही, आरडाओरडा नाही. आपणही असं काही एक काम इतकं नेमकं करू शकू का, असं धाकटीच्या मनात येऊन गेलं, आणि मग दप्तरातलं ते भरलेलं फील्डबुक आठवून ती जराशी सुखावली. शिकायला वेळ होता. मार्क तर हातातच होते.

नऊ टप्प्यांनंतर ते ग्रंथालयाच्या पायरीशी पोचले. धाकटीने तिथेच मांडी घालून आकडेमोड केली. उत्तर आलं एकशे तीन पूर्णांक चारशे एकतीस.

फलकावर होतं चारशे बासष्ट. एकतीस मिलिमीटर कमी.

तिने पुन्हा केलं. वकिलाने केलं. लंबूने उभ्या उभ्या केलं. एकतीस ते एकतीसच.

तोपर्यंत दुसरे गट हसतखेळत लॅबकडे परतत होते. कुणाचा फरक दोन, कुणाचा तीन. एका गटाचा तर शून्य आला होता.

"जुळवून टाकू," वकील म्हणाला. "एक आकडा इकडचा तिकडे. सगळे तेच करतात."

"मला भूक लागलीय," लंबू म्हणाला. त्याच्या दृष्टीने वादाचा निकाल तेवढ्यावर लागत होता.

ताई पायरीशी वाकली. ती पायरीवरच्या पितळी बटणाकडे बघत होती. मग म्हणाली, "आज वेळ संपली. धाकटे, वही घरी ने आणि आकडेमोड पुन्हा एकदा सावकाश तपास. उद्या बघू."

धाकटीने वही घरी नेली. चहा पिता पिता तिने दादाचं फील्डबुक शेजारी उघडलं. दादाचं उत्तर चारशे साठ. फरक दोन. सुबक अक्षर, खाली सरांची सही. तिने दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितली. टप्पे वेगळे होते, त्यामुळे नुसतं उतरून काढणं जमणार नव्हतं. पण एक आकडा बदलणं फार सोपं होतं. शून्य आठशे चौऱ्याहत्तरच्या जागी शून्य आठशे त्रेचाळीस. सरळ एकतीसचा फरक. तिने खोडरबर घेतलं, शेवटचे दोन अंक पुसले आणि नवे लिहिले. उत्तर चारशे बासष्ट आलं, अगदी फलकावरचं.

तिने वही पटकन मिटली खरी. पण तिने स्वतःची समजूत घातली की चौघांचेही मार्क वाचले, आपण गटाचं भलंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयाबाहेर तिने ताईला वही दिली. "लिहिताना माझीच चूक झाली होती बहुतेक," ती म्हणाली. "आता जुळतंय."

ताईने पान उघडलं. वरून खाली बोट फिरवत आली आणि एका ओळीवर थांबली. तिथे कागद थोडा खरखरीत झाला होता.

"हा आकडा मी सांगितलेला नाही," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. रागही नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटलं. तिचे कान तापले.

"आठ, सात, चार," ताई म्हणाली. "सहाव्या टप्प्याचा, झाडाखालचा. पट्टीवर पानाची सावली पडत होती म्हणून मी दोनदा वाचला होता. तूही दोनदा म्हणालीस."

"सगळे जुळवतात," धाकटी कशीबशी म्हणाली.

"हो. मीपण जुळवलं होतं." ताई पायरीवर बसली आणि तिने शेजारची जागा हाताने झटकली. धाकटी बसली.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट," ताई सांगू लागली. "एका वस्तीशेजारून मोठ्या गटाराचा पाइप जायचा होता. मी तेव्हा नुकतीच लिहायला लागले होते. संध्याकाळी आकडे जुळेनात, चाळीस मिलिमीटर. साहेब म्हणाले, उद्या सकाळी खोदाई आहे, आजच दे. मी एक आकडा बदलला. चाळीस मिलिमीटर म्हणजे किती, दोन बोटं. पाइप टाकला, माती लोटली. आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलट्या बाजूला चाललं. अकरा घरांच्या न्हाणीघरांतून वर आलं. एका घरात बाळंतीण होती."

धाकटीने वर बघितलं.

"मग?"

"कुणाला कळलं नव्हतं. मुकादम म्हणाले पाइप खराब, पाइपवाले म्हणाले माती खराब. मी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी साहेबांना वही नेऊन दाखवली. साठ मीटर पाइप पुन्हा उकरावा लागला. मला काढलं नाही, पण वर्षभर हातात वही दिली नाही. पट्टी धरायला उभं केलं. वर्षभर उन्हात पट्टी धरून उभी होते मी, आणि लोक समोरून काय लिहितायत ते मला दिसायचं नाही. तेव्हा ठरवलं, हे नीट शिकायचं." तिने वही धाकटीच्या मांडीवर ठेवली. "यावर एक रेघ मार. वर खरा आकडा लिही. खोडलेलं तसंच राहू दे, लपवू नको. आणि शनिवारी यायचं का ते सांग."

"शनिवारी सुट्टी आहे."

"म्हणूनच. मैदान मोकळं असेल."

ती इतरांना काही सांगणार नाही हे धाकटीला न विचारताच समजलं, आणि त्यामुळे तिला जास्तच लाज वाटली. आपण हिच्या जागी असतो तर वकिलाच्या कानावर कधीच घातलं असतं, हेही तिला ठाऊक होतं.

शनिवारी लंबूला उठवायला धाकटी त्याच्या घरी गेली. वकील मात्र बोलावल्याशिवाय आला, कारण तो आला नसता तर त्याच्याशिवाय वाद झाला असता. मामांनी सुट्टीच्या दिवशी लॅब उघडायला साफ नकार दिला, मग किल्ली घेऊन आले, आणि मग "आलोच आहे तर" म्हणून सबंध दिवस त्यांच्यामागून फिरले.

ताईचा बेत साधा होता. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत पुन्हा जायचं, पण तिथे थांबायचं नाही. दुसऱ्या वाटेने, वसतिगृहाच्या मागून, परत फाटकाशी यायचं. "जिथून निघालो तिथेच परत आलो तर आपण किती चुकलो ते फाटकच सांगेल. तिथे फलकाची गरज नाही."

चार तास गेले. ऊन चढलं. लंबूचे खांदे भरून आले पण पट्टी जराही हलली नाही. पट्टीच्या मागे उभं राहणाऱ्याबद्दल ताईने त्याला काय सांगितलं होतं ते धाकटीला माहीत नव्हतं, पण तो आता तिरका उभा राहत नव्हता. फाटकाशी परत आल्यावर वकिलाने स्वतः आकडेमोड केली. शंभर मीटरवरून निघून ते शंभर मीटर वजा दोन मिलिमीटरवर परतले होते.

म्हणजे त्यांचं काम चोख होतं. आणि ग्रंथालय पुन्हा चारशे एकतीसच्या आसपासच आलं होतं.

"मग फाटकाचं बटण चुकीचं असेल," वकील म्हणाला.

"असेल," ताई म्हणाली. तिने वाद घातला नाही, तिवई खांद्यावर घेतली. दुपारनंतर त्यांनी फाटकापासून वर्कशॉपपर्यंत मोजलं. ते फलकाशी एका मिलिमीटरने जुळलं. वर्कशॉपपासून ग्रंथालयापर्यंत मोजलं, पुन्हा तीस खाली.

सगळे जाऊन त्या पायरीसमोर उभे राहिले. बटण पितळेचं, घासून चकचकीत झालेलं. एवढंसं बटण, पण चौघं त्याच्याकडे चोर पकडल्यासारखे बघत होते.

मामा मागे हात बांधून उभे होते. ते हळूच म्हणाले, "ही पायरी नवी आहे."

"नवी म्हणजे?"

"नवी म्हणजे दहा-अकरा वर्षं झाली. पुस्तकांची कपाटं आली होती, ट्रक मागे घेताना पायरीवर चढला. पायरी फुटली. गवंड्याने नवी बांधली आणि ते बटण काढून परत बसवलं. मीच त्याला म्हटलं होतं, बाबा, हे फेकू नको, सरांचं आहे." मामांनी डोकं खाजवलं. "त्याने जपून बसवलं बिचाऱ्याने. पण त्याला काय ठाऊक."

वकिलाने वाकून बटणावरून अंगठा फिरवला. धाकटीच्या डोक्यात मात्र घरातलं ते सुबक पान फिरत होतं. दादाचा फरक दोन.

रविवारी जेवताना तिने विचारलंच. "दादा, तुझं ग्रंथालयाचं लेव्हलिंग खरंच जुळलं होतं का रे?"

"जुळलं होतं म्हणजे..." दादाने घास हातात धरला. "जुळवलं होतं. किती जुनी गोष्ट काढतेस."

आई दवाखान्यात नर्स होती. दोघांच्या बोलण्यात ती सहसा पडत नसे. ती म्हणाली, "जुळवलं म्हणजे काय?"

दादाने सांगितलं. हसतच सांगितलं.

"आम्ही असा कुणाचा ताप जुळवला तर?" आई म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

दादा हसायचा थांबला. धाकटीने त्याला बटणाची गोष्ट सांगितली. तो शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाला, "आमचं एकोणतीस येत होतं. आम्हाला वाटलं आम्हीच गाढव." मग हातातला घास ताटात ठेवून, "कोण आहे ही तुमची ताई?"

सोमवारी चौघं सरांच्या खोलीत गेले. सर कडक होते, पण त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "चौदा गटांचं जुळलं. तुमचंच नाही. आणि तुम्ही म्हणताय माझं बटण चुकलं."

"हो सर," ताई म्हणाली. तिने फील्डबुक टेबलावर ठेवलं. "सगळे आकडे यात आहेत. मामा सांगतात, पायरी दहा-अकरा वर्षांपूर्वी नवी बांधली."

सरांनी एकेक पान सावकाश बघितलं. पहिल्या दिवसाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. "इथे खोडरबर कुणी वापरलंय?"

लंबूने छताकडे बघितलं. वकिलाने तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच मिटलं. ताईने धाकटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी," धाकटी म्हणाली. तिचा आवाज तिलाच पातळ वाटला. "फलकाशी जुळावं म्हणून मी आकडा बदलला होता. ताईला आठवत होता. तिने रेघ मारून परत लिहायला लावला."

सरांनी वही मिटली. मग उठले, टोपी घेतली. "मामांना सांगा, लेव्हल काढा. मी येतो."

सर मैदानात स्वतः दुर्बिणीला डोळा लावतायत हे दृश्य मुलांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. वऱ्हांड्यातून डोकी डोकावू लागली. लंबूने पट्टी धरली, ताईने लिहिलं. वर्कशॉपपासून ग्रंथालयापर्यंत चार टप्पे. शेवटचा आकडा सरांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि दुर्बिणीवरून डोळा काढून ते नुसते उभे राहिले.

"अकरा वर्षं," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी पूर्ण वर्ग लॅबमध्ये बोलावला. फलकावरच्या त्या आकड्यावर खडूने एकच आडवी रेघ मारली. खालचा आकडा वाचता येत होता.

"ज्यांचं ग्रंथालय तीन मिलिमीटरच्या आत जुळलं, त्यांनी हात वर करा."

एकही हात वर आला नाही. छप्पन्न मुलं एकाच वेळी आपापल्या बुटांकडे बघत होती.

"मी तुम्हाला रागावणार नाही," सर म्हणाले. "पाच वर्षांपूर्वी एक गट माझ्याकडे तीस मिलिमीटरचा फरक घेऊन आला होता. मी त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा तीस घेऊन आले. मी पुन्हा पाठवलं. असं तीनदा. चौथ्या वेळी त्यांचं जुळलं आणि मी त्यांना सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली." त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "त्यांनी काय शिकून घेतलं असेल माझ्याकडून, त्याचाच मी आज सकाळपासून विचार करतोय." मग त्यांनी सातव्या गटाकडे बघितलं. "या चौघांनी माझी अकरा वर्षांची चूक सुधारून दिली. येत्या शनिवारी सगळ्यांनी पुन्हा मोजायचं. फलकावर या वेळी आकडा नसेल."

शनिवारची सुट्टी गेली म्हणून वर्ग ताईवर भयंकर उखडला. "नोकरी सोडून इथे आम्हाला छळायला आली," असं एकजण तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिली. धाकटीला मात्र ते झोंबलं. ती उत्तर द्यायला वळली, तर ताईने तिचा दंड धरला. "ते सुट्टीवर चिडलेत. मीपण चिडले असते."

शनिवारी आवारात पंधरा तिवया उभ्या राहिल्या. सकाळभर कुणाचा बुडबुडा हलेना, कुणाची तिवई मऊ मातीत खचली. आणि जो मुलगा तसं बोलला होता, त्यालाच सर्वांत आधी ताईला हाक मारावी लागली. ती गेली. तिने त्याच्या तिवईला हात लावला नाही, त्यालाच टाच कुठे दाबायची ते दाखवलं, बुडबुडा आत येईपर्यंत शेजारी उभी राहिली आणि पुढच्या गटाकडे गेली. दुपारपर्यंत ती मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळा गेली असेल ते कुणी मोजलं नाही. मामांनी तिच्यासाठी पाण्याची बाटली भरून आणली. मामा प्राचार्यांसाठीसुद्धा पाणी आणत नसत.

दुपारनंतर सातव्या गटाने काम सुरू केलं तेव्हा ताईने पट्टी घेतली. "आज तू बघ," ती धाकटीला म्हणाली.

धाकटीचा पहिला टप्पा लावायला वीस मिनिटं लागली. वकिलाने घड्याळ दाखवलं, पण या खेपेला तो तोंडाने काही बोलला नाही. दुर्बिणीत आधी सगळं धूसर होतं, मग हळूहळू पट्टीचे काळे-लाल आकडे स्पष्ट झाले आणि त्यांच्या मागे ताई, खांबासारखी सरळ, उन्हात डोळे बारीक करून. वर्षभर ती अशीच उभी राहिली होती. धाकटीने अंक सुटे करून मोठ्याने सांगितले, लंबूने लिहिले आणि परत म्हटले.

संध्याकाळी लॅबमध्ये सरांनी एकेका गटाचं उत्तर फळ्यावर लिहून घेतलं. चारशे एकोणतीस. चारशे तेहेतीस. चारशे सव्वीस. चारशे तीस. पंधरा गटांचे आकडे थोडे वर, थोडे खाली. बासष्ट कुठेच नव्हतं. सातव्या गटाचं चारशे छत्तीस आलं, सगळ्यांत वरचं. धाकटीला वाईट वाटलं. ताई दुर्बिणीला असती तर ते चारशे एकतीसच आलं असतं, याची तिला खात्री होती.

सर मात्र फळ्यासमोर उभं राहून इतके खुश झाले होते की मुलं एकमेकांकडे बघू लागली. "बघा," ते म्हणाले. "कुणाचं कुणाशी तंतोतंत जुळत नाही. असे दिसतात खरे आकडे." त्यांनी सगळ्यांची सरासरी काढली आणि मामांना रंग आणि कुंचला आणायला सांगितलं.

यंत्र आवरताना धाकटी ताईला म्हणाली, "माझ्यामुळे आपलं पाचने चुकलं."

"नऊच्या आत आहे," ताई म्हणाली. "आणि वीस मिनिटांचं पुढच्या आठवड्यात पंधरा होईल." तिने खोकं उघडून यंत्र जसं होतं तसं आत ठेवलं आणि झाकण एका बोटाने लावलं. मग ते खोकं उचलून धाकटीच्या हातात दिलं, आणि स्वतः तिवई खांद्यावर टाकून मामांच्या वहीत सही करायला निघाली.